काकांचा मामा

...आणि वर त्या बाई मला विचारतात, "पण काकूंना काहीच कसं वाटलं नाही हो, मामांच्या खोलीत राहायला जाताना?" आता काय सांगू? सकाळचे पावणेनऊ, माझ्या तोंडात ब्रश, एका कानाला फोन, दारात टाकी धुणारा माणूस, आणि ही कोण कुठली बाई मला माझ्या घरातल्या माणसांच्या खोल्या विचारतेय! मी फेस सावरत म्हणालो, "बाई, कादंबरी आहे ती. काल्पनिक आहे हो, काल्पनिक!" तर बाई आवाज खाली आणून म्हणतात, "हो हो, तसं छापावंच लागतं. पण मी कुणाला सांगणार नाही. खरे मामा कोण?"

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं मी वर्तमानपत्रात वार्ताहर होतो. एकतीस वर्षं! रस्त्यातला खड्डा म्हटला तर खड्ड्यापाशी गेलो, फूटपट्टी घालून मोजला, दोन ठिकाणी विचारून खातरजमा केली आणि मग लिहिलं, 'खड्डा चौदा इंच'. दुसऱ्या दिवशी लोक काय म्हणायचे? "हे पेपरवाले काहीही बनवतात!" एका अधिकाऱ्याने तर त्याच खड्ड्यात उभं राहून मला सांगितलं की खड्डा नाही! गुडघ्यापर्यंत आत होता तो माणूस! आणि आता निवृत्तीनंतर, आयुष्यात पहिल्यांदा, खुर्चीवरून न उठता, कुणालाही न विचारता सगळं मनाने रचून लिहिलं, पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलं की बाबांनो, यात खरं काही नाही... तर अख्खं शहर म्हणतंय, "खरं आहे सगळं! घरातलंच आहे!" म्हणजे खरं लिहिलं तेव्हा मी थापाड्या आणि थापा मारल्या तर सत्यवादी!

बरं, कादंबरी लिहिणं म्हणजे काय असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसेलच. आमच्या घरात मलाही ठाऊक नव्हतं. लेखक घरी बसून लिहितो याचा घरच्यांच्या लेखी अर्थ एकच, लेखक घरी बसतो. बायको शाळेत भूमिती शिकवते, निघताना चपला घालता घालता म्हणणार, "अहो, तुम्ही रिकामेच आहात ना, टाकीचा माणूस येईल, गॅसवाला येईल आणि समोरच्यांचं कुरिअर घेऊन ठेवा." मी म्हणतो, "रिकामा नाही, विचार करतोय." ती म्हणते, "तेच म्हणतेय मी." भूमितीच्या बाईशी वाद घालू नये, ती सिद्ध करून दाखवते!

केस कापायला गेलो तर कात्री हवेत थांबवून न्हावी सांगणार, "साहेब, माझ्या आयुष्यावर एक कादंबरी होईल, पण त्यात माझ्या भावाला घेऊ नका." लिफ्ट दुरुस्तीवाला सांगणार, "माझ्यावर लिहा, दोन मजल्यांच्या मधे साडेतीन तास काढलेत मी, एका घटस्फोटाच्या वकिलाबरोबर!" आणि आमच्या प्रकाशनाच्या संपादिकाबाई, माझ्या लेकीच्या वयाच्या, त्या फोनवर गोड आवाजात सांगणार, "सर, तुमचा खलनायक छान आहे, पण त्याला आतून काय वाटतं ते येत नाहीये." मी एकतीस वर्षं खलनायकांच्या पत्रकार परिषदांना बसलो बाई! त्यांना आतून काही वाटत नाही! पण ऐकतो कोण?

तर खलनायक. सगळं रामायण... नाही, रामायण नको म्हणायला, त्यातही लोक माझे नातेवाईक शोधतील. सगळं लचांड या खलनायकामुळे झालं. माझ्या कादंबरीत दोन भाऊ आहेत. थोरल्याला दूरच्या बंदरावर जहाजाच्या कारखान्यातून नोकरीचं पत्र येतं. धाकटा, म्हणजे सांगणाऱ्या मुलाचा काका, ते पत्र पेटीतून काढतो आणि लपवतो. थोरला जन्मभर त्या पत्राची वाट बघत त्याच गावात राहतो. बस. एवढीच गोष्ट. मला आंघोळ करताना सुचली. डोक्यावर तांब्या होता आणि सुचली! पुरावा नाही, साक्षीदार नाही, सूत्रांकडून कळलेलं नाही. मी तर खूश झालो, म्हटलं, बघा, आपल्यालाही खोटं जमतंय की!

आता मला एक खरे काका आहेत. वडिलांचे धाकटे भाऊ. खालच्या मजल्यावर राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. बत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली त्यांनी. मुद्रितशोधक! अहो, माणूस कसला, लाल शाईचा झरा आहे तो! लग्नाची पत्रिका द्यायला कुणी आलं तर अभिनंदनाच्या आधी 'आशीर्वाद'मधला दीर्घ शोधतात. मी वार्ताहर असताना रोज सकाळी माझी बातमी लाल करून वर पाठवायचे, काकूंच्या हातून. काकू बिचाऱ्या जिना चढून यायच्या, कागद द्यायच्या आणि म्हणायच्या, "तिसऱ्या ओळीत पहिला उकार हवा म्हणतात." एवढंच. पन्नास वर्षं काकू या घरात आहेत, मला आठवतं तसं त्या स्वतःचं असं काही बोलल्याच नाहीत. दुसऱ्यांचे उकार पोचवत राहिल्या.

तर कादंबरी लिहून झाल्यावर कागदांचा गठ्ठा मी कुणाला देणार तपासायला? काकांनाच! यात माझं काय चुकलं सांगा? घरात गवंडी असताना भिंतीसाठी शिंपी कोण बोलावतो?

आठ दिवसांनी गठ्ठा परत आला. काका स्वतः घेऊन आले, जिना चढून, हे एक नवल. मी पानं उलटत गेलो. लाल, लाल, लाल... पान एकशे एकेचाळीस, लाल. पान एकशे बेचाळीस... कोरं! एक खूण नाही. मी म्हटलं, वा! एक तरी पान शुद्ध लिहिलं आपण! मग बघतो तर पहिल्याच ओळीत 'दिर्घ' लिहिलेलं. 'दीर्घ' या शब्दातच दीर्घ चुकलेला, आणि काकांना दिसला नाही? कपाळावर आठी पडली माझ्या. तुम्हाला सांगतो, जिथे सगळे बोलतात तिथे बातमी नसते, एकजण गप्प बसतो तिथे असते. पण तेव्हा मी वार्ताहर नव्हतो ना, साहित्यिक होतो! अक्कल गहाण होती!

पान एकशे बेचाळीसवर काय होतं? काका पत्र लपवतो ते.

खरे काका खुर्चीच्या कडेवर बसले होते. म्हणाले, "हे तुला कुणी सांगितलं?"

"काय कुणी सांगितलं?"

"पत्राचं."

"कुणी नाही काका. काल्पनिक आहे."

"ते मी लपवलं नव्हतं. कोटाच्या खिशात राहून गेलं."

मी त्यांच्याकडे बघतोय, ते पंख्याकडे बघतायत. अहो, एकतीस वर्षं मी शहरभर हिंडून बातम्या शोधल्या, मंत्र्यांच्या गाडीमागे पळालो, बंद दारांना कान लावले, आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी खालच्या मजल्यावर कोटाच्या खिशात! माझे वडील जन्मभर पाणीखात्यात मीटर वाचत फिरले. घरोघर वाकून, काच पुसून आकडे लिहायचे. टपाल आलं की हात पुसून पेटीपाशी जाऊन यायचे, रोज. आम्हाला वाटायचं सवय आहे. अकरा वर्षं झाली त्यांना जाऊन.

मी विचारलं, "कुठलं पत्र, काका?" तर ते उठले, पायऱ्या मोजत खाली गेले आणि त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

मग काय, सुरू! आत्याचा फोन, "अरे, या वयात म्हाताऱ्याला चोर ठरवलंस? शोभतं तुला?" मी म्हणतो, "आत्या, मी काही ठरवलं नाही, काल्पनिक आहे!" "मग तो आजारी का पडला?" "मला काय माहीत, त्यांनीच सांगितलं, खिशात..." "बघ! म्हणजे तू त्याच्याकडून वदवून घेतलंस! पेपरात होतास तेव्हाही असाच होतास तू!" काकू जिना चढून यायच्या, दारातच उभ्या राहायच्या. "जेवत नाहीत नीट." मी विचारायचो, "आणखी काय म्हणाले?" "नाही, हे त्यांचं नाही. मी सांगतेय." आणि खाली जायच्या.

आता मला सांगा, कादंबरी मोठी की काका? मोठमोठे साहित्यिक म्हणतील, कादंबरी. त्यांना जिना नसेल! मला रोज खालून वर आणि वरून खाली काकांच्या दारावरून जायचं होतं. बायको म्हणाली, "बदला की मग. काका नको, मामा करा."

"वा! माझ्या मामाने काय घोडं मारलंय?"

"तुम्हाला मामा आहेच कुठे?"

नाही हो! खरंच नाही! आई घरात एकुलती एक. मामा नाही, म्हणजे चिडायला माणूस नाही, रुसायला माणूस नाही, आत्याला फोन करायला जागा नाही. तक्रारदारच नाही! असा बिनवारशी खलनायक शोधून सापडणार नाही. भूमिती, तुम्हाला सांगतो, फार मोठी गोष्ट आहे.

पण चारशे पानांत काका किती ठिकाणी! मी हाताने खोडायला बसलो, तर लेक ऑफिसला जाता जाता मागून डोकावली. "बाबा, हे काय करताय? एका बटणाचं काम आहे." आणि उभ्या उभ्या, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने संगणकावर टकटक टकटक. "इथे काय शोधायचं ते, काका. इथे काय घालायचं ते, मामा. सगळे बदला. हं!" पडद्यावर आलं, 'तीनशे बारा ठिकाणी बदल केला.' तीनशे बारा! पापणी लवायच्या आत काकांचा मामा झाला. मी इतका भारावलो की सगळा मजकूर तसाच प्रकाशकाकडे पाठवून दिला.

वाचला नाही. हो, नाही वाचला! बघू नका असे माझ्याकडे! प्रुफं आली, तीही मी चाळली. का? कारण प्रुफं वाचायची सवयच नव्हती मला, आजवर घरात ते काम काका करायचे, आणि काका माझ्याशी बोलत नव्हते! ज्या एका माणसाला चूक दिसली असती, त्याच माणसासाठी ती चूक केली होती. हे असलं मी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादिकाबाई म्हणाल्या असत्या, "सर, फार जुळवून आणल्यासारखं वाटतं."

पुस्तक आलं. मुखपृष्ठ सुंदर, वास सुंदर. मी मधलंच पान उघडलं आणि वाचलं, 'शहरातले टीमामार त्याच्यावर तुटून पडले.'

टीमामार?

मासेमार ऐकलेत, टीमामार कोण? पुन्हा वाचलं. मग डोक्यात लख्ख उजेड पडला... टीकाकार! त्याच्या पोटात काका आहेत! त्या यंत्राने टीकाकाराच्या पोटातले काका ओढून काढले आणि तिथे मामा कोंबला! मी घाबरून पानं उलटायला लागलो. शेजारच्या पिंजऱ्यात मामाकुवा! तळ्यात पडलेल्या मुलाच्या नामामानात पाणी! पाणी नाकाकानात जाईल ना हो? नाही, आमच्याकडे नामामानात गेलं!

आणि मग पान अडतीस. हे ऐका. मी लिहिलं होतं, 'काका दमून आले आणि काकूंच्या खोलीत जाऊन आडवे झाले.' साधं वाक्य आहे ना? नवरा दमला, बायकोच्या खोलीत आडवा झाला. त्यात काही बातमी आहे? आता छापलेलं ऐका. 'मामा दमून आले आणि काकूंच्या खोलीत जाऊन आडवे झाले.'

काकांचा मामा झाला, पण काकू... काकूच राहिली! बटणाला काय कळतं? त्याला काका सांगितले होते, काकू सांगितली नव्हती! चारशे पानं! चारशे पानं मामा आणि काकू एका छपराखाली! भिंतीवर मामा-काकूंच्या लग्नाचा फोटो! मामांच्या सदऱ्याला काकू बटण लावतायत! आणि काका? काका कुठेच नाहीत! चारशे पानांत औषधालासुद्धा काका नाहीत! आहेत फक्त काकू, आणि मामा!

मी प्रकाशकाला फोन केला. म्हटलं, "थांबवा! सगळी पुस्तकं परत मागवा!" तर तो माणूस, जो माझा फोन तीन महिने उचलत नव्हता, तो मला 'गुरुवर्य' म्हणाला! "गुरुवर्य, थांबवू काय? लोक रांगा लावतायत! मामा-काकूचं प्रकरण काय धाडसाने लिहिलंयत तुम्ही!" मी म्हटलं, "अहो, ती चूक आहे!" तो म्हणाला, "चूक तर आहेच, पण प्रेम आंधळं असतं."

आणि समीक्षा! रविवारच्या पुरवणीत मोठ्या समीक्षकांनी अर्धं पान लिहिलं. 'या कादंबरीत काका कुठेही येत नाही, आणि ही सर्वव्यापी अनुपस्थिती हेच काकाचं खरं रूप आहे.' सर्वव्यापी अनुपस्थिती! अहो, तीनशे बारा ठिकाणी उपस्थित होता तो! पुढे म्हणतात, '‘टीमामार’ या शब्दातून लेखकाने आम्हा समीक्षकांना जो टोला हाणला आहे, तो आम्ही नम्रपणे स्वीकारतो.' स्वीकारा! काय करता! एक ओळखीचे जुने हवालदार, माझ्या बातमीदारीच्या काळातले, त्यांचा फोन, "साहेब, पत्र मामाने लपवलं लिहिलंत. लोक आम्हालाच मामा म्हणतात. पंचवीस वर्षं ओळख ठेवून हे केलंत?" मी म्हटलं, "काल्पनिक आहे हो, काल्पनिक!" ते म्हणाले, "पंचनाम्यातही आम्ही तेच लिहितो."

आणि खाली काका. दार बंद. एक चांगलं झालं होतं, सोमवारी दुसरी आवृत्ती छापायला जाणार होती. प्रकाशक कुरकुरला, पण शेवटी म्हणाला, "काय बदलायचं ते शनिवारपर्यंत कळवा, नंतर यंत्र सुरू झालं की देवाचंही ऐकणार नाही." आता बदलायचं काय? परत काका केले, तर खालचा माणूस पुन्हा चोर. मामा ठेवला, तर काकूंची अब्रू टांगलेली. मी डोकं धरून बसलो. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, न बोलता किती दिवस काढायचे? त्यांना काही झालं आणि आमच्यातलं शेवटचं वाक्य 'कोटाच्या खिशात राहून गेलं' हेच राहिलं, तर? ही धास्ती होती हो मला, आवृत्तीची नव्हे.

शुक्रवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. काका. हातात पुस्तक, पुस्तकातून कागदाच्या चिठ्ठ्यांची झालर बाहेर आलेली. टेबलावर आपटलं. छापून झालेलं पुस्तक, तेही लाल करून आणलं होतं!

"गाढवा!" म्हणाले. कित्येक महिन्यांनी कानावर पडलेला पहिला शब्द, तुम्हाला सांगतो, इतका गोड लागला! "ही काय लाज आणलीस? वाचनालयात सगळे माझ्याकडे कसे बघतात माहितेय? माझी बायको, आणि नांदते मामाकडे! पान अडतीस! पान एकशे सात! पान दोनशे एकोणीसला तर तिने त्याच्यासाठी दार उघडं ठेवलंय!"

"काका, ते तुमच्यासाठीच उघडं ठेवलं होतं!"

"मग तसं छाप! मला परत घाल! चोर म्हण, दरोडेखोर म्हण, पण नवरा मीच!"

"पण पत्र..."

काका बसले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. "खिशात राहून गेलं नव्हतं," म्हणाले. "लपवलंच होतं. तू तेव्हा तीन महिन्यांचा होतास. मी एकोणीस वर्षांचा. घरात एकच सायकल होती, दादा गेला असता तर ती घेऊन गेला असता."

"सायकल?"

"हं." पुस्तकातल्या चिठ्ठ्या बोटाने सारख्या केल्या. मग म्हणाले, "सायकल नव्हे रे. दादा गेला असता."

त्यांनी पुस्तकातून एक पिवळं पाकीट काढलं. वर वडिलांचं नाव, कारखान्याचा शिक्का. मी उलटं करून पाहिलं आणि ओरडलोच, "काका, हे फोडलेलंच नाही!"

"फोडून काय करायचं होतं? दुसऱ्याचं टपाल फोडू नये."

बघा! लपवावं, पण फोडू नये! एकोणसाठ वर्षं हा माणूस गादीखाली गुन्हा घेऊन झोपला आणि त्यात काय आहे ते पाहिलंसुद्धा नाही! मी म्हटलं, "फोडू?" त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मी फोडलं. चार ओळी, टंकलेखित. मी मोठ्याने वाचलं, "आपल्या अर्जाचा विचार करण्यात आला. सदर पदावर आपली नियुक्ती होऊ शकत नाही, याबद्दल खेद वाटतो."

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः कागद ओढून घेतला आणि डोळ्यांपाशी धरला. मला वाटलं, आता रडतील, आता हसतील, आता निदान हातपाय तरी गाळतील. काकांनी खिशातून लाल पेन काढलं. "नियुक्तीतल्या यु-ला दुसरा उकार दिलाय," म्हणाले आणि त्या साठ वर्षांच्या कागदावर गोल केला! "ज्यांना नियुक्ती लिहिता येत नाही, ते दादाला काय नोकरी देणार होते? बरं झालं नाही गेला." पेनाचं टोपण मात्र लागता लागेना. तीन वेळा हुकलं. मी बघितलं नाही, असं दाखवलं.

मग एकदम उजळले. "म्हणजे मी काहीच केलं नाही!"

मी म्हटलं, "तांत्रिकदृष्ट्या..."

"तांत्रिक नाही! मी निर्दोष! मग मला कशाला घालतोस चोराच्या जागी? मामाच राहू दे. फक्त काकूची मामी कर. मामा-मामी. झालं!"

मामी! अहो, मामी! मी टेबलावर हात आपटला. एवढं साधं! मी, बायको, लेक, संपादिका, प्रकाशक, समीक्षक, हवालदार, एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांच्या डोक्यात आलं नाही, की मामाच्या बायकोला मामी म्हणतात! मी फोन उचलला प्रकाशकाला लावायला. काका टिचकी वाजवत म्हणतायत, "लाव, लाव, शनिवार उद्यावर आलाय."

"मला नाही व्हायचं मामी."

आम्ही दोघांनी दाराकडे पाहिलं. काकू. हातात काकांचं औषध आणि पाण्याचं भांडं. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे, त्यांच्याकडे बघायची घरात कुणाला सवय नाही.

काका म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?"

काकू आत आल्या, भांडं टेबलावर ठेवलं, पदराने हात पुसले. "वाचलंय मी सगळं. दोनदा. वाचनालयात बायका माझ्या शेजारची खुर्ची धरून ठेवतात आता. विचारतात, पुढे काय झालं? मी नुसती हसते. कुणी मला कधी काही विचारलं होतं का?" मग काकांकडे वळून, अगदी शांतपणे, उकार सांगतात त्याच आवाजात म्हणाल्या, "पन्नास वर्षं तुमच्या खोलीत आहे, कुणी एक ओळ लिहिली नाही. मामाच्या खोलीत गेले, तर दुसरी आवृत्ती निघाली. मी आहे तिथे बरी आहे."

आणि औषध देऊन खाली गेल्या.

आता सांगा, काय करायचं? गेली दुसरी आवृत्ती जशीच्या तशी. टीमामार, नामामान, मामाकुवा, सगळ्यांसकट. काका आता माझ्याशी बोलतात हो, रोज बोलतात, नव्या कादंबरीची पानं लाल करून स्वतः वर आणून देतात. फक्त परवा त्यांनी जिन्याच्या दाराला नवी कडी बसवून घेतली. मी विचारलं, "कशाला काका?" तर म्हणाले, "तो मामा... काही भरवसा नाही त्याचा."